चपलेच्या चाकांचा ट्रक



गेल्या एप्रिलात, जयंतीच्या चार-पाच दिवस आधी, आम्ही केज-धारूर रस्त्यालगतच्या एका गावी गेलो होतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. कारण जे तेथे पाहिले ते बीड जिल्ह्यातील कोणत्याही वस्तीत दिसू शकेल. कारखान्यांचे पट्टे पडले होते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परत आली होती. दारांची कुलुपे निघाली होती, अंगणे सारवली जात होती, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब एका ओट्यावर चालला होता. त्याच ओट्याच्या कडेला चार ट्रक ओळीने उभे होते.

वीतभर, दीड वीत लांबीचे ट्रक! केबिन, हौदा, मागचा फाळका, आरसे, मडगार्डाला लोंबणारी रबराची पट्टी, सगळे जेथल्या तेथे. आम्हांस वाटले, कोणी तरी शहरातून विकत आणले असावेत. म्हणून जवळ बसलेल्या बारा वर्षांच्या मुलाला विचारले, "बाळा, कुठून आणलेस?"

"आणले न्हाईत दादा. म्या केलेत."

आम्ही एक ट्रक हाती घेतला. केबिन बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची होती. चाके जुन्या स्लीपरच्या तळव्यातून गोल कापलेली. आस म्हणजे मोडक्या छत्रीची काडी. हौद्याच्या फळ्या ज्वारीच्या धाटाच्या सालीच्या, आणि त्या जोडायला खिळे नव्हते, तर बाभळीचे काटे होते. मागच्या आसाला दोन्ही बाजूंना दोन-दोन चाके, पुढे एक-एक. खाली पाहिले तर पाटेसुद्धा होते! पत्र्याच्या पट्ट्या एकावर एक ठेवून तारेने बांधलेल्या. फाळक्यावर खडूने 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेले. हे शब्द लिहायला महाराष्ट्रात २०१५ सालीच मनाई झाली हे त्या पोराला कोण सांगणार? आणि केबिनच्या कपाळावर, जेथे ट्रकमालक आपल्या लेकरांची नावे रंगवून घेतात, तेथे याने आपल्या आईचे नाव लिहिले होते.

आई आतून पाणी घेऊन आली. आम्ही कौतुक केले तशी म्हणाली, "कशाचं कौतुक करताव दादा. ज्या गाडीचं तोंड दिसलं की पोटात गोळा येतो, तीच गाडी हा घरात करून बसतोय."

तिचे बोलणे आमच्या मनात रुतून बसले. दिवाळीच्या मागेपुढे तोच ट्रक वस्तीत येतो. त्याच्या हौद्यात भांडीकुंडी, पाल, शेळी, म्हातारेकोतारे, लेकरे भरली जातात आणि कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कोल्हापूर-सांगलीकडे नाही तर कर्नाटकात जाते. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. त्या माउलीला ट्रक दिसला की तोड दिसते. लेकराला मात्र ट्रकमध्ये पाटे, चाके, फाळका दिसतो. दोघांचेही पाहणे खरे आहे.

आम्ही मुलाला विचारले, "मोठ्या ट्रकाचे चाक केवढे आणि तुझे केवढे, हे कसे ठरवलेस?"

"डोळ्यानं."

डोळा चांगला होता, तरी चूक होतीच. एका ट्रकाची चाके फार मोठी झाली होती, दुसऱ्याची केबिन हौद्यापुढे अगदी बारकी. ते त्यालाही कळत होते, आणि सलतही होते. आम्ही म्हणालो, "अरे, सहावीच्या गणितात गुणोत्तर-प्रमाणाचा धडा आहे ना? त्यानेच हे सुटते." तो खाली मान घालून म्हणाला, "तवा आमी कारखान्यावर होतो."

आजचा लेख या एका वाक्यासाठी आहे.

वाचक हो, गाड्यांच्या लहान प्रतिकृती करणे, त्यांत आपल्या मनाप्रमाणे फेरबदल करणे आणि त्या जमवून ठेवणे हा जगभर मोठा छंद आहे. त्याला पोरखेळ म्हणून कोणी हसत नाही. इंग्लंडात लिव्हरपूल येथे फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने १९३४ च्या सुमारास 'डिंकी' नावाने लहान धातूच्या मोटारी विकायला आरंभ केला. खेळण्यातल्या आगगाडीशेजारी रस्त्यावर उभ्या करायला मोटारी हव्यात, त्यातून ती कल्पना निघाली. त्या आगगाडीचे माप एक फुटाला सात मिलिमीटर असे होते. म्हणजे खरी वस्तू सुमारे ४३ पट लहान. म्हणून आजही जगात १:४३ या मापाच्या मोटारी जमवल्या जातात.

पुढे लंडनच्या लेस्नी कंपनीतील जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता की काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणायचे. १९५२ साली बापाने पितळेचा इवलासा रोड रोलर करून दिला, तो वर्गातल्या सगळ्या मुलांना हवासा झाला, आणि १९५३ पासून 'मॅचबॉक्स' या नावाच्या गाड्या निघाल्या, असे सांगतात. अमेरिकेत १९६८ साली 'हॉट व्हील्स' आल्या, सुमारे १:६४ मापाच्या. आज आपल्या शहरांतील दुकानांतही त्या दीड-दोनशे रुपयांना टांगलेल्या दिसतात. मोठी माणसेसुद्धा त्या पाकीट न फोडता जपून ठेवतात. ट्रकचे सुटे भाग खोक्यात घालून विकणाऱ्या अमेरिकन कंपन्या आहेत. घरी भाग चिकटवायचे, रंगवायचे, आवडीप्रमाणे बदलायचे. त्यांचे माप बहुधा १:२५ असते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

पण पैसेवाल्यांनीच हा छंद काढला असे मुळीच नाही. आफ्रिकेत मलावी, झांबिया, झिम्बाब्वे या देशांतली गोरगरीब मुले टाकाऊ तारा वाकवून मोटारी करतात. मलावीत त्यांना 'गालिमोटो' म्हणतात. गाडीला उभ्या माणसाच्या कमरेएवढी लांब तार जोडून वर गोल स्टिअरिंग करतात, ते फिरवले की खालची चाके वळतात. आपल्याकडची पोरे दांड्याच्या टोकाला चाक लावून धावतात, त्याचाच हा भाऊ!

आणि आपल्या शेजारीच पाहा. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली एका भिल्ल बांधवाला झाडाचे मूळ खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ. रथावर हाकणारा माणूस उभा आहे. रथ ४५ सेंटिमीटर लांब, १६ सेंटिमीटर रुंद, आणि चारही वस्तूंचे मिळून वजन ६० किलोंच्या वर. त्यांचा काळ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा असावा असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या मुलखात आज आपली माणसे उसाच्या गाड्या भरतात, त्याच मुलखात कोणा कारागिराने त्या काळी गाडीची प्रतिकृती घडवली होती. तेव्हा ओट्यावरचा तो मुलगा फार जुन्या हुन्नराचा वारस आहे, हे त्याच्या आईबापांनी जाणावे.

आता मापाकडे वळू. पालकांनो, हा भाग लेकराला जवळ बसवून वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी लेकराकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

१:२५ म्हणजे काय? खऱ्या वस्तूचे २५ सारखे भाग केले तर आपल्या वस्तूत त्यातला एक भाग. एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर. त्याला २५ ने भागले की ४ सेंटिमीटर. एवढाच नियम पाठ करायचा: खऱ्या गाडीचा एक मीटर म्हणजे आपल्या गाडीचे चार सेंटिमीटर. मीटरमध्ये माप घ्या, चारने गुणा, झाले! भागाकार करायचीसुद्धा गरज नाही.

ट्रकाचे चाक टायरासकट एक मीटरहून थोडे उंच असते. म्हणजे आपले चाक ४ सेंटिमीटरहून किंचित मोठे. स्लीपरच्या तळव्यातून ते सहज निघते. ट्रकाची रुंदी अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे आपली १० सेंटिमीटर. हौदा साडेपाच मीटर लांब असला तर आपला २२ सेंटिमीटर. प्रत्येक ट्रक वेगळा, म्हणून पुस्तकी आकडा न घेता समोरचा ट्रक मोजावा. टेप नसेल तर सुतळीला मीटर-मीटरवर गाठी माराव्यात. मोजायचे ते गाडी उभी असताना, ड्रायव्हरला विचारून, आणि मोठे माणूस सोबत घेऊन. हे आम्ही पुन्हा बजावून सांगतो. कारखान्याच्या आवारात आणि फडात रात्रंदिवस गाड्या मागेपुढे होतात. मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला खाली खेळणारे लेकरू दिसत नाही. उभ्या ट्रकाखाली सावलीला लेकरू झोपवू नये, खेळू देऊ नये. खेळण्यातल्या गाडीपायी खऱ्या गाडीखाली जाण्याची वेळ कोणावर येऊ नये.

माप कागदावर लिहिले की आधी पुठ्ठ्यावर पेन्सिलीने बाजू आखून घ्याव्यात: डावी, उजवी, पुढची, मागची, छत. मगच कात्री लावावी. जेथे दुमडायचे तेथे बोथट सुरीने हलकी रेघ ओढली की पुठ्ठा सरळ दुमडतो. खाली आधी चासी करावी. दोन लांब पट्ट्या, मध्ये आडव्या चार. खरा ट्रकही असाच होतो. कारखान्यातून चासी आणि इंजिन येते, आणि पुष्कळदा हौदा वेगळ्या बॉडीच्या कारखान्यात बांधला जातो. चासी सरळ झाली तर गाडी सरळ चालते, ती वाकडी राहिली तर वरचा कितीही सुंदर रंग फुकट. चाकाच्या मधोमध भोक पाडायचे तर कागदावर तेवढेच वर्तुळ कापून त्याची दोनदा घडी घालावी, घड्या जेथे छेदतात तो मध्य. आस मोकळी फिरावी म्हणून बॉलपेनच्या रिकाम्या कांडीचा तुकडा नळीसारखा बसवावा. चिकटवायला पिठाची खळ चालते. पंक्चरचे सोल्यूशन लेकरांच्या हाती देऊ नये, त्याच्या वासाची सवय वाईट. ब्लेड आणि पत्र्याचे काम मोठ्यांच्या देखत व्हावे.

त्यानंतर हौस! रंग, पट्टे, आरशाला गोंडा, केबिनच्या कपाळावर नाव. कोणी त्याच चासीवर पाण्याचा टँकर करील, कोणी दुधाची गाडी, कोणी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. एका मापाने केलेल्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या म्हणजे खऱ्या रस्त्यासारख्या दिसतात. मापाची हीच गंमत आहे.

आता उसाची मोळी. ऊस तीन सेंटिमीटर जाड धरला तर आपल्या मापात एक मिलिमीटरहून थोडा जास्त, म्हणजे खराट्याची काडी! त्या ओट्यावरच्या एका ट्रकात अशा काड्यांच्या मोळ्या नीट रचलेल्या होत्या. आम्ही विचारले, या कोणी बांधल्या? तर मुलगा म्हणाला, "ताईनं." चौदा वर्षांची बहीण चुलीपाशी होती. मोळ्या तिने बांधल्या, पाट्यांची तार तिने पिळली, चाकेही तिनेच कापली. पण ट्रक कोणाचा, असे विचारले की सगळे घर भावाचे नाव घेत होते.

याबद्दल एक जुनी हकिकत सांगतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने १९३० ते १९६८ पर्यंत मुलांसाठी प्रतिकृतींची मोठी स्पर्धा चालवली. आधी राजेशाही घोडागाडीची हुबेहूब प्रतिकृती करायची होती, पुढे स्वतः आखलेली मोटार करायची. विजेत्यांना कॉलेजच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे, आणि त्यातले कित्येकजण पुढे मोटारींचे आराखडे करणारे झाले. खेळणे करणाऱ्या हाताला शिक्षणाची वाट दाखवली तर काय होते, याचा तो दाखला आहे. पण त्या स्पर्धेत मुलींना प्रवेश नव्हता! चाळीस वर्षांच्या जवळपास निम्म्या हातांना दार बंद राहिले. त्यांची चूक आपण आपल्या ओट्यावर गिरवू नये. ज्या लेकीने मोळी बांधली, तिचेही नाव त्या ट्रकावर लिहावे.

कोणी म्हणेल, "खेळणी करून पोट भरते का?" आम्ही असे म्हणत नाही की पुठ्ठ्याचा ट्रक करणारे प्रत्येक पोर इंजिनियर होईल. पण हेही खोटे नाही की मोठ्या मोटार कंपन्यांत नवी गाडी काढताना आधी तिची मातीची प्रतिकृती करतात, आणि ती घडवणे हा पगाराचा धंदा आहे. आयटीआयमध्ये शीट मेटल वर्कर, वेल्डर, पेंटर, मोटर मेकॅनिक हे कोर्स आहेत. दहावीनंतर दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल आहे. त्यात मुख्य काम हेच, वस्तू मापाने कागदावर आखणे. ज्याने बाराव्या वर्षी ट्रकाची सुतळीने मोजणी केली, त्याला तेथे पहिल्या दिवशी परके वाटणार नाही.

पण आमचे खरे म्हणणे याहून जवळचे आहे. माप कळले की हिशेब कळतो.

पाहा. लांबी २५ पट लहान केली तर वजनही २५ पट कमी होते असे वाटते. तसे होत नाही. गाडी लांबीत २५ पट, रुंदीत २५ पट, उंचीत २५ पट लहान होते. २५ गुणिले २५ गुणिले २५ म्हणजे १५,६२५. दहा टन ऊस म्हणजे १० हजार किलो. त्याला १५,६२५ ने भागले तर ६४० ग्रॅम. म्हणजे आपल्या इवल्या ट्रकात दहा टन उसाची खरी प्रतिकृती भरली तर तिचे वजन एक किलोसुद्धा भरणार नाही!

आता हेच उलटे करा. मोळी पंचवीस किलोची धरली तर दहा टनांत किती मोळ्या? १० हजार भागिले २५ म्हणजे ४००. फळीवरून तोल सांभाळत, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकात चढायचे, ते चारशे वेळा. आम्ही हा हिशेब त्या मुलासमोर ओट्यावर खडूने मांडला. तो आकड्याकडे पाहत राहिला, मग चुलीकडे पाहिले, आणि हळूच म्हणाला, "माय किती चढली मग?"

"निम्म्या बापाने केल्या धरल्या तर दोनशे," आम्ही म्हणालो.

बाप तेथेच बसला होता. त्याने खडूचा आकडा दोनदा मोजला. मग म्हणाला, "मजुरी टनावर मिळती दादा. मुकादम चिठ्ठ्या दाखवतो, आमी अंगठा करतो. असं मांडून कुणी दाखवलं न्हवतं." वाचक हो, टनाचा, मोळीचा, उचलीचा, कापलेल्या खाड्यांचा हिशेब म्हणजे दुसरे काय? गुणोत्तर-प्रमाणच! तो धडा आपल्या लेकराच्या हातून निसटतो, तेव्हा फक्त परीक्षेतले चार गुण जात नाहीत. घरात हिशेब वाचणारे माणूस तयार होता होता राहते.

म्हणून कोयत्यावर जाणाऱ्या आईबापांना आमची हात जोडून विनंती आहे. लेकरू मागे ठेवता येत असेल तर ठेवा. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून हंगामी वसतिगृहांची सोय होत आली आहे. आजी-आजोबांपाशी राहून लेकराला शाळेतच दोन वेळचे जेवण मिळावे, असा तिचा हेतू. दिवाळीच्या आधीच मुख्याध्यापकांना गाठून नाव घाला, गाडी दारात आल्यावर नव्हे. लेकरू सोबत न्यावेच लागले तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसवता येईल. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. तो हक्क मागायला लाजू नका. आणि हे सगळे चौदा वर्षांच्या लेकीलाही तेवढेच लागू आहे. धाकट्याला सांभाळायला म्हणून तिला फडावर नेऊ नका.

आता जमवून ठेवण्याविषयी. मुलाने पाच ट्रक केले होते, असे बोलता बोलता कळले. पाचवा कोठे? तो घाबरत आजीकडे पाहू लागला. पावसात सरपण ओले झाले होते, म्हातारीने पुठ्ठा आणि धाटे पाहिली आणि चुलीत घातली. "मला काय ठाव बाबा, खेळणं हाय का कचरा," ती म्हणाली. तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण आम्ही जेव्हा विचारले की हे चार ट्रक कधी कधी केलेस, तेव्हा त्याने जे सांगितले ते ऐकून म्हातारीने कपाळाला हात लावला. प्रत्येक ट्रक एका हंगामाचा होता. पहिला सांगलीकडे गेले त्या वर्षीचा, पिवळ्या केबिनचा. दुसऱ्याचा फाळका मोडका, कारण त्या वर्षीच्या गाडीचा तसाच होता. तिसरा कर्नाटकात नेणारा. चौथा यंदाचा. जो जळला तो सर्वांत आधीचा, तो अगदी लहान असताना केलेला.

घरात कोणी डायरी लिहिली नव्हती. लेकराने ट्रकात लिहून ठेवली होती.

म्हणून पालकांनो, अशा वस्तू फेकू नका, जाळू नका. एक जुनी पत्र्याची पेटी द्या. प्रत्येक गाडीखाली चिठ्ठी चिकटवा: करणाऱ्याचे नाव, वर्ष, माप, कोणती गाडी पाहून केली. मोठमोठे संग्राहक हेच करतात. चिठ्ठी नसेल तर वस्तू मुकी होते. पेटीत कडुनिंबाचा वाळला पाला टाका म्हणजे कसर लागत नाही. आणि स्वस्त वस्तूच नासते असे समजू नका. डिंकीच्या सुरुवातीच्या काळातल्या कित्येक महागड्या गाड्या, जस्तात शिसे मिसळले गेल्यामुळे, कपाटात ठेवल्या ठेवल्या भेगा पडून भुगा झाल्या. जपणूक वस्तूच्या किमतीवर नसते, जपणाऱ्याच्या मनावर असते.

जयंती मंडळांनाही एक सूचना करतो. एप्रिलात आपली माणसे घरी परतलेली असतात. मिरवणूक, भीमगीते, भाषणे होतात, ती व्हावीतच. पण विहाराच्या किंवा शाळेच्या एका खोलीत, एक दिवस, मुलामुलींनी मापाने केलेल्या गाड्यांचे प्रदर्शन भरवावे. नियम दोनच असावेत: विकत आणलेले काही नको, आणि गाडीशेजारी मापाचा कागद हवा. बक्षीस म्हणून ढाल-करंडक न देता कंपासपेटी, फूटपट्टी, मोजायचा टेप द्यावा. डीजेच्या खर्चातून दहा-वीस कंपासपेट्या सहज निघतील. बाबासाहेबांच्या जयंतीला लेकराच्या हाती माप द्यावे, याहून शोभेल असे काय आहे?

निघताना आम्ही आमच्या पिशवीतली फूटपट्टी त्या भावंडांना दिली. बाहेर रस्त्यावर एक ट्रक उभा होता. ड्रायव्हरला विचारून, बापाला सोबत घेऊन दोघांनी टायर मोजले. एक मीटर आणि वर चार बोटे. बहिणीने लगेच चारने गुणिले आणि म्हणाली, "चार सेंटिमीटरच्या वर जरासं. तुझं चाक मोठं झालंय." भाऊ काही बोलला नाही. मग आईला दाराच्या चौकटीला उभे करून दोघांनी तिची उंची घेतली. दीड मीटर.

"म्हणजे सहा सेंटिमीटर," मुलगा म्हणाला. "एवढी बाहुली करतो. आन् हौद्यात न्हाई, केबिनमधी बसवतो."

आई तोंडाला पदर लावून हसली. सकाळी याच ट्रकाचे नाव काढताच तिचा चेहरा उतरला होता.

वाचक हो, येत्या दिवाळीच्या सुमारास वस्त्यांमधून पुन्हा गाड्या निघतील. उचल, मुकादम, कोयता हे प्रश्न एका पुठ्ठ्याच्या ट्रकाने सुटणार नाहीत, हे आम्ही जाणतो. पण आपल्या दारात एखादे लेकरू चपलेचा तळवा कापत बसलेले दिसले, तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याच्या हाती फूटपट्टी द्या, आणि तो धडा शिकवला जाईल त्या दिवशी ते लेकरू शाळेच्या बाकावर असेल एवढे पाहा. इतकेच आमचे मागणे आहे.